लॉकडाऊनमधला फोनचा ठिपका: घराबाहेर दिसलेला माणूस बेशिस्तच होता का?

पायवाट (धागाकर्ती)

मंडळी, हा विषय पाच वर्षं मनात घोळतोय, आज लिहायला बसले.

२०२० मध्ये मी पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेत होते. वर्ग बंद, वसतिगृह बंद, सर्वेक्षणासाठी दारोदार जायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी प्रकल्पासाठी घरबसल्या मिळणारी माहिती उचलली: गूगलचे 'कम्युनिटी मोबिलिटी रिपोर्ट'. ३ एप्रिल २०२० ला ते पहिल्यांदा जाहीर झाले, एकदम १३१ देशांचे. ज्यांनी फोनमध्ये 'लोकेशन हिस्टरी' चालू केली होती त्यांच्याच हालचालींची ही बेरीज. त्यात कोणाचं नाव नाही, आणि एकेकटा माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केलेली. रकाने सहा: दुकानं आणि करमणूक, किराणा आणि औषधं, बागा, बस-रेल्वेची स्थानकं, कामाची जागा, राहतं घर. प्रत्येक आकडा म्हणजे ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतल्या त्याच वाराच्या मध्यकाशी, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याशी, तुलना. सोमवारची सोमवारशी, रविवारची रविवारशी.

भारताचा पहिला अहवाल मला अजून पाठ आहे. २९ मार्चची स्थिती: दुकानं-करमणूक ७७ टक्के खाली, स्थानकं ७१, किराणा-औषधं ६५, बागा ५७, कामाच्या जागा ४७ टक्के खाली, आणि घरी असण्याचा वेळ २२ टक्के वर. २४ मार्चच्या रात्री घोषणा झाली, २५ पासून २१ दिवस सगळं बंद, आणि पाचव्या दिवशीचं हे चित्र.

मी आलेख काढला आणि त्याला मथळा दिला, 'नियमपालनाचे प्रमाण'. रेघ जितकी खाली तितके लोक ऐकणारे, जितकी वर तितके न ऐकणारे. त्या दिवसांत घरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर एकच वाक्य होतं, "लोक ऐकतच नाहीत." माझ्या मथळ्यातही तेच होतं, फक्त शब्द पुस्तकी.

आमच्या मागच्या वस्तीतल्या एक ताई रुग्णालयात सफाईच्या कामाला होत्या. पहाटे साडेपाचला निघायच्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी, पिशवीत डबा आणि परतताना बदलायची साडी. जूनमध्ये शाळा फोनवर सुरू झाल्या. त्यांच्या घरात फोन एकच. रेंज खिडकीतच यायची म्हणून तो गजाला नाडीने बांधून ठेवलेला असायचा, आणि सातवीतला मुलगा खाली पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहायचा. म्हणजे ताई दिवसाचे दहा तास रुग्णालयात आणि त्यांचा फोन दहा तास खिडकीत. माझ्या आलेखाच्या हिशेबात त्या घरी होत्या. साथीशी सगळ्यात जवळून गाठ पडलेली बाई 'घरात' आणि चार दिवसांतून एकदा गाडी काढून भाजीला जाणारे माझे बाबा 'बाहेर'.

त्या दिवशी मी मथळा खोडला. रेघ बरोबर होती, तिला दिलेलं नाव चुकलं होतं.

हे फक्त माझ्यासारख्या विद्यार्थिनीचं झालं असंही नाही. मार्च २०२० च्या मध्यावर इटलीत लोंबार्दीच्या प्रादेशिक सरकारने मोबाईल कंपन्यांच्या नोंदींवरून सांगितलं की बंदी असूनही सुमारे ४० टक्के लोक अजून हिंडताहेत, आणि हे चालणार नाही. पण त्या तारखेला तिथले बहुतेक कारखाने चालू होते! गरजेपुरते सोडून बाकीचे कारखाने बंद करण्याचा राष्ट्रीय आदेश २२ मार्चला निघाला. त्या ४० टक्क्यांत सरकारच्याच परवानगीने पाळीला जाणारा कामगार किती आणि उगाच भटकणारा किती, हे टॉवरला कुठून कळणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. फोनच्या ठिकाणांवरून हालचालींचा अभ्यास जरूर व्हावा, मी स्वतः त्यातच काम करते. पण बंदीतही जी हालचाल उरते तिला बेशिस्त म्हणायच्या आधी ती कोणाची आणि कशासाठी, हे विचारलं गेलं पाहिजे. ते विचारलं गेलं नाही, आणि पुढच्या वेळीही विचारलं जाईल असं मला दिसत नाही. तुमचे अनुभव लिहा. नेटवर्कमध्ये काम केलेले कोणी इथे असतील तर फार बरं होईल.

* * *

खांबावरचा

पायवाट, चांगला विषय. मी वीसेक वर्षं मोबाईल नेटवर्कमध्ये आहे, त्यातली पहिली दहा अक्षरशः टॉवरवर चढण्यात गेली. थोडं यंत्राच्या बाजूने सांगतो, कारण 'फोनची लोकेशन' असं एकाच श्वासात म्हटलं जातं आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली आमच्याकडची. तुम्ही कॉल केलात, एसएमएस आला, इंटरनेट वापरलंत, की कोणत्या टॉवरच्या कोणत्या सेक्टरमधून, म्हणजे त्याच्या कुठल्या दिशेच्या पट्ट्यातून, ते झालं याची नोंद होते. यात तुम्ही कुठे आहात ते कळत नाही, तुमचा फोन कोणत्या टॉवरशी बोलतोय ते कळतं. शहरात टॉवर शे-पाचशे मीटरवर असतात, म्हणून अंदाज बरा येतो. गावाकडे एक टॉवर पाच-सात किलोमीटर सांभाळतो. त्यात माणूस शेतावर गेला काय आणि घरात बसला काय, नोंद एकच.

शिवाय फोन एका जागी असूनही टॉवर बदलत राहतो. गर्दी वाढली, एका टॉवरवर भार आला, की फोन शेजारच्या टॉवरकडे ढकलला जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. आम्ही त्याला पिंगपाँग म्हणतो. खाडीच्या काठावरच्या इमारतींचं तर विचारूच नका. पाण्यावरून सिग्नल अडथळ्याशिवाय लांब जातो, त्यामुळे अलीकडच्या घरातला फोन पलीकडच्या किनाऱ्याच्या टॉवरला लागतो. कच्च्या नोंदीत तो माणूस रात्री अडीचला खाडी ओलांडून परत आलेला दिसतो, आणि तो बिचारा गाढ झोपलेला असतो. हे काढून टाकायच्या पद्धती आहेत, पण त्या कोणी किती काळजीने वापरल्या ते बाहेरच्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट गूगलसारख्यांची. जीपीएस, आसपासचे वायफाय आणि टॉवर हे सगळं मिळून काढलेली जागा. ही बरीच नेमकी, पण फक्त ज्यांनी ती सोय चालू केली त्यांची.

तिसरी ॲपलची. १४ एप्रिल २०२० पासून त्यांनीही आकडे दिले होते, पण ते हालचालींचे नव्हतेच. नकाशात लोकांनी रस्ता किती वेळा विचारला त्याची मोजणी, १३ जानेवारीच्या एका दिवसाशी ताडून. आता कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला नकाशाला रस्ता कोण विचारतं?

तिन्हींच्या रेघा एकाच आलेखात काढलेल्या मी पाहिल्यात.

* * *

आकडेवारी

पायवाटताई, तुमची कळकळ समजते, पण धागा वाचून कोणाचा असा समज होऊ नये की हे आकडे निरुपयोगी होते. मी साथींच्या गणिती प्रारूपांवर काम करतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आमच्या हातात दुसरं काय होतं? चाचण्या अपुऱ्या, निकाल यायला दिवसचे दिवस, मृत्यूंची नोंद त्याहून उशिरा. लोकांचा एकमेकांशी संपर्क कमी झाला की नाही हे त्या आठवड्यात सांगणारी माहिती फोनचीच होती.

वुहानचं उदाहरण घ्या. २३ जानेवारी २०२० ला शहर बंद झालं, पण वसंतोत्सवाच्या सुट्टीसाठी तोवर सुमारे ५० लाख लोक बाहेर पडले होते, हे खुद्द महापौरांनी सांगितलं. ते गेले कुठे? बायडू या चिनी कंपनीच्या नकाशांतून ते दिसत होतं. 'सायन्स' मध्ये त्या वसंतात आलेल्या अभ्यासानुसार चीनमध्ये सुरुवातीला कुठल्या प्रांतात किती रुग्ण निघाले याचा मेळ वुहानहून तिकडे गेलेल्या लोकांच्या संख्येशी चांगला बसत होता, आणि निर्बंध लागल्यावर तो सुटत गेला. साथ प्रवाशांबरोबर येतेय की स्थानिक पातळीवर पसरतेय, हे त्यातून कळलं. त्यावरून धोरण ठरतं.

अमेरिकेतल्या २५ काउंटींचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचा, अभ्यास 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात आला होता. हालचाल घटली की रुग्णवाढीचा वेग घटतो, पण परिणाम दिसायला ९ ते १२ दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. २५ पैकी २० काउंटींत दोन्हींचा सहसंबंध ०.७ च्या वर होता (१ म्हणजे पूर्ण मेळ). राज्यकर्त्यांना "आज बंद केलं तर उद्या फरक का दिसत नाही" याचं उत्तर देता आलं ते अशा कामामुळे.

पुढची गोष्टही प्रामाणिकपणे सांगतो. त्याच चमूतल्या काही जणांनी नंतरचे महिने तपासले तेव्हा एप्रिलनंतर हे नातं फार ढिलं झालेलं निघालं. लोक मास्क लावू लागले, अंतर ठेवू लागले, बाहेर पडूनही जपून वागू लागले. ठिपका हलत होता, संपर्क मात्र तितका होत नव्हता.

* * *

पायवाट

आकडेवारी, धन्यवाद. शेवटचा परिच्छेद फार मोलाचा आहे. निरुपयोगी मी म्हणत नाहीये. माझा रोख आकड्याला आपण कोणतं नाव देतो त्यावर आहे. "हालचाल इतकी उरली" आणि "इतक्या लोकांनी नियम मोडला" ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि पहिलं लिहून दुसरं बोलणारे मी बैठकांमध्ये ऐकलेत.

याचाच पुरावा फोनच्या आकड्यांतूनच मिळाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या १० महानगरांतल्या ९ कोटी ८० लाख लोकांच्या हालचालींचं प्रारूप 'नेचर'मध्ये आलं. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधले लोक हालचाल तितकी कमी करू शकले नाहीत, कारण घरून करता येईल असं त्यांचं काम नव्हतं. आणि ते ज्या दुकानांत जात होते ती जास्त दाटीची होती. म्हणजे किराण्याला एकच फेरी मारली तरी त्यांचा धोका मोठा. चिलीत राजधानी सान्तियागोच्या कोमूनांचा, म्हणजे शहरातल्या पालिका विभागांचा, अभ्यास झाला, फेसबुकच्या आकड्यांवरून. तिथेही गरीब भागांत हालचाल कमी घटली, आणि मृत्यू तिथेच जास्त.

तोच ठिपका. एक अभ्यासक त्याला बेशिस्त म्हणतो, दुसरा त्यात पोटाची गरज बघतो.

* * *

सायनची_गल्ली

एक विचारतो. २२ टक्केच वाढ घरी? टाळेबंदीत सगळेच घरी होते ना, मग हा आकडा एवढा कमी कसा? इथेच काहीतरी घोळ वाटतोय.

* * *

पायवाट

नाही, हा घोळ नाही. बाकीचे पाच रकाने भेटींच्या संख्येचे आहेत, घराचा रकाना वेळेचा आहे. माणूस एरवीही दिवसाचे पंधरा-सोळा तास घरी असतोच. समजा सोळा धरले, तर २२ टक्के वाढ म्हणजे साडेतीन तास. पूर्ण चोवीस तास घरी बसला तरी वाढ ५० टक्केच होईल. त्यामुळे त्या रकान्यात २२ म्हणजे खूप झालं. आणि तो आकडा सगळ्या देशाचा, सगळ्या प्रकारच्या माणसांचा मिळून आहे.

* * *

सायनची_गल्ली

समजलं, आभार. मग घराबद्दलच लिहितो. आमची खोली दहा बाय बारा, माणसं सात. संडास गल्लीच्या टोकाला, पंधरा-वीस घरांत मिळून. नळ सकाळी पावणेदोन तास. माझा फोन दिवसभर 'घरी' असेल, पण पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहिलं की पुढचा माणूस हातभर अंतरावर. फोनला ती रांग घरच वाटणार.

जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत जे रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं, नीती आयोग, महापालिका आणि टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेचं, त्यात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडली आणि इमारतींमधल्या १६ टक्क्यांत. आमच्याकडे तेव्हा सगळे म्हणायचे, वस्तीतली माणसं बाहेर फिरतात म्हणून असं. आम्ही बाहेर फिरत नव्हतो हो. माझा भाऊ दोन महिने गल्लीच्या बाहेर पडला नाही आणि त्याला झाला.

* * *

खांबावरचा

हे वाचून थांबलो. आमच्या नोंदीत एका सेक्टरमध्ये तुमची गल्ली आणि तिच्या समोरची वीस मजली इमारत दोन्ही येतात. दोन्हींतले फोन एकाच आकड्यात जातात.

* * *

मुक्काम_पोस्ट_जालना

८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांवरून पायी निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर पसरलेल्या भाकरी-पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, मी पुन्हा वर्णन करत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या त्या सहा रकान्यांत ते कुठे होते? स्थानकांचा रकाना खाली गेला, कारण स्थानकं बंद होती. कारखाने बंद, म्हणजे कामाची जागाही खाली. औरंगाबाद-जालन्याच्या आकड्यांत सगळं शांत दिसत असणार. रात्रीच्या अंधारात रुळांवरून चालणाऱ्या माणसासाठी रकानाच नाही.

त्या काळात आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही पाणी आणि खिचडी द्यायचो. प्रत्येकाच्या हातात फोन असायचा, पण बंद. बॅटरी पुरवायची म्हणून. संध्याकाळी एकदा चालू करायचे, घरी "पोहोचतोय" एवढं सांगायचे आणि परत बंद. आमच्या ओट्यावर एक बोर्ड लावला होता, चार्जिंगसाठी. त्यावर एका वेळी सात फोन लावता यायचे आणि मागे रांग असायची. जेवणाआधी लोक चार्जिंगची जागा विचारायचे.

* * *

आकडेवारी

जालना, उत्तर देतो. जिल्ह्याच्या टक्केवारीत ते खरोखरच दिसत नाहीत. पण टॉवरच्या नोंदींत ते दिसू शकले असते, अगदी संध्याकाळच्या त्या एका कॉलवरूनसुद्धा. आणि हे कल्पनेतलं नाही.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. स्वीडनच्या संशोधकांनी तिथल्या एका मोबाईल कंपनीच्या १९ लाख सिमकार्डांच्या नोंदींवरून हिशेब काढला की १९ दिवसांत सुमारे ६ लाख ३० हजार लोक राजधानी पोर्तो-प्रिन्स सोडून गेले, आणि कुठल्या भागात किती गेले. मदत कुठे पाठवायची ते त्यावरून कळू शकत होतं. त्याच वर्षी कॉलरा पसरला तेव्हा ही पद्धत प्रत्यक्ष मदतीच्या वेळेत वापरून पाहिली गेली. नंतरच्या विश्लेषणात निघालं की भूकंपानंतर लोक जिथे गेले ती ठिकाणं बहुतांशी तीच होती जिथे ते आधी नाताळ आणि नववर्षाला गेले होते. संकटात माणूस आपल्या माणसांकडे जातो.

आपल्याकडे २०२० च्या एप्रिलमध्ये कोणी असा नकाशा उघडून बसला असता आणि त्याचा उपयोग पाणी, बस, निवारा कुठे हवा हे ठरवायला झाला असता, तर श्रमिक गाड्यांना १ मे उजाडला नसता. साधन तेच होतं. आपण त्याला विचारलेला प्रश्न "कोण बाहेर आहे?" हा होता. "कोणाला कुठे पोहोचायचंय?" हा नव्हता.

* * *

मुक्काम_पोस्ट_जालना

हे पटलं. लिहून ठेवतो.

* * *

काळाकोट

चर्चा उत्तम चाललीय, पण वरचा नकाशा उघडायची मुभा कोणाला, या प्रश्नावर एकही प्रतिसाद नाही, म्हणून लिहिते. मी वकील आहे.

"नावं काढून टाकली की झालं" ही समजूत सोडा. २०१३ मध्ये एका देशातल्या १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासून दाखवलं गेलं की वेळ आणि जागा अशा फक्त चार नोंदी माहीत असतील तर ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून एकेकटी वेगळी काढता येतात. विचार करा: तुमचं घर, तुमचं ऑफिस, मंगळवारची गाण्याची शिकवणी आणि आईचा दवाखाना. एवढं जुळणारा दुसरा माणूस शहरात नसतो. त्यामुळे जिल्ह्याची टक्केवारी ही एक गोष्ट आणि माणसागणिक माग ही पूर्णपणे दुसरी.

साथीच्या काळात ही रेघ जगभर पुसट झाली. जर्मनीत दूरसंचार कंपनीने रॉबर्ट कोख या सरकारी आरोग्य संस्थेला दिली ती बेरीज केलेली माहिती. दक्षिण कोरियात मात्र मे २०२० मध्ये सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून संसर्ग पसरला तेव्हा टॉवरच्या नोंदींवरून त्या परिसरात असलेल्या १०,९०५ जणांची यादी काढून त्यांना चाचणीचे निरोप गेले. त्यातले काही क्लब समलिंगी लोकांचे होते. घरी, नोकरीवर कळेल या भीतीने लोक पुढे येईनात, तेव्हा सोलने निनावी चाचणीची सोय केली. मग माणसं आली. ही गोष्ट मी दर व्याख्यानात सांगते, कारण तिथे खाजगीपण जपलं म्हणून चाचण्या वाढल्या.

आपल्याकडे आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. ब्लूटूथ आणि जीपीएस दोन्ही. १ मेच्या आदेशात नोकरदारांना ते सक्तीचं झालं, १७ मेला ती भाषा सौम्य झाली. तेव्हा माहिती संरक्षणाचा कायदाच नव्हता. २०१७ चा पुट्टस्वामी निकाल होता, खाजगीपण हा मूलभूत हक्क म्हणणारा, पण रोजच्या वापराचे नियम नव्हते. कर्नाटकात विलगीकरणातल्या लोकांना दर तासाला घरातून सेल्फी पाठवायला सांगितलं होतं, सकाळी सात ते रात्री दहा. घरात तान्हं मूल असलेल्या, ताप भरलेल्या बाईचा दिवस त्यात कसा गेला असेल ते डोळ्यांपुढे आणा.

* * *

अश्दोदकर

नमस्कार. मी इस्राएलहून लिहितोय. आमचं घराणं मूळ अलिबागकडचं, घरात अजून मराठी आहे, चूकभूल माफ करा.

काळाकोट ताईंनी माणसागणिक मागाचं लिहिलं, ते इकडे झालं. मार्च २०२० मध्ये सरकारने शिन बेत या अंतर्गत सुरक्षा संस्थेला रुग्णांच्या फोनचा माग काढायची परवानगी दिली. दहशतवादासाठी बनवलेली यंत्रणा नागरिकांवर आली. रुग्णाजवळ तुमचा फोन दिसला तर संदेश यायचा: अमुक तारखेला तुम्ही रुग्णाच्या जवळ होता, घरातच राहा. कोण रुग्ण, कुठली जागा, काही नाही. संदेश आला की घरात सगळे कॅलेंडर काढून आठवायचे, त्या दिवशी आपण कुठे होतो. माझी आई म्हणायची, "आपण नाही कुठं गेलो, त्याला कोण सांगणार?"

२६ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायदा करा, नुसत्या सरकारी ठरावावर हे चालणार नाही. मग कायदा झाला. १ मार्च २०२१ ला न्यायालयाने पुन्हा सांगितलं, सरसकट वापर बंद. जो रुग्ण चौकशीला सहकार्य करत नाही त्याच्यापुरताच ठेवा. तोवर वर्ष गेलं. मी या देशावर प्रेम करतो आणि रोगाची भीती मलाही होती. पण एकदा दार उघडलं की लावायला किती वेळ लागतो ते पाहिलं.

* * *

केशरमावशी

मी सगळा धागा दोनदा वाचला. मी निवृत्त आरोग्यसेविका, सिंधुदुर्गात उपकेंद्रावर होते. फोनचं मला फार कळत नाही, पण कोण आलं आणि कोण गेलं हे मोजायचं कामच आम्ही केलं, म्हणून लिहिते.

२०२० ला गणपती २२ ऑगस्टला होते. चाकरमानी येणार हे कोणाला सांगावं लागत नाही. गणपतीला मुंबईचा माणूस घरी येतोच. सरकारने दहा दिवस विलगीकरण सांगितलं, म्हणून बारा तारखेच्या आत पोचायची सगळ्यांची धडपड. आमच्या गावात शाळेत सोय केली होती. दारात टेबल, टेबलावर नोंदवही, वहीत नाव, कुठून आला, गाडी कुठली, घरात म्हातारं माणूस कोण, मधुमेह कोणाला, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. तो शेरा मी भरायचे. "आई एकटी, डोळ्याने दिसत नाही, मुलाला घरीच पडवीत ठेवावे." "गरोदर, आठवा महिना." "वडील वारले, दिवसांना आला."

लोक बेशिस्त नव्हते हो. वडिलांच्या दहाव्याला आलेल्या मुलाला मी शाळेच्या वर्गात ठेवलं आणि नदीवरचे विधी पंचवीस पावलांवरून बघू दिले. तो वरांड्यात उभा राहून ओंजळीने पाणी सोडत होता. तुमच्या फोनमध्ये तो मुंबईहून कोकणात आलेला एक ठिपका असेल, पण कशासाठी आला ते माझ्या वहीत आहे.

कामाची एक गोष्ट सांगते. वहीत लिहिलेलं पहिल्या आठवड्यात खरं नसायचं. लोक ठाण्याऐवजी कल्याणहून आलो सांगायचे, कारण ठाण्याचं नाव घेतलं की गाव घाबरायचं. मी ओरडले नाही. मी सांगितलं, ही वही पोलिसांकडे जाणार नाही, ही औषधासाठी आहे. मग खरं सांगू लागले. तुमच्या फोनवाल्यांनी असं काही सांगितलं का लोकांना?

* * *

काळाकोट

मावशी, कायद्याच्या भाषेत ज्याला उद्देशाची मर्यादा म्हणतात ती तुम्ही शाळेच्या दारात उभं राहून पाळलीत. पुढच्या व्याख्यानात, तुमची हरकत नसेल तर, तुमचा आयडीही न घेता हे सांगेन.

* * *

खांबावरचा

मावशी, आम्ही कोणी असं सांगितलं नाही. विचारलंही नाही.

* * *

पायवाट

मावशी, तुमचा 'शेरा' रकाना वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. गूगलच्या फाईलमध्ये तो नव्हता म्हणूनच मी माझ्या मनाने मथळा लिहिला होता.

सगळ्यांसाठी एक माहिती. ते अहवाल १५ ऑक्टोबर २०२२ पर्यंत येत होते, मग थांबले. नंतर गूगलने लोकांची टाइमलाइन आपल्या संगणकांऐवजी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच ठेवायचं जाहीर केलं. म्हणजे पुढच्या साथीत तीच माहिती त्याच रीतीने मिळणार नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने ते मला योग्य वाटतं. पण मग ऐनवेळी धावाधाव करून पुन्हा कोणाच्या तरी हातात कच्च्या नोंदी द्यायची वेळ येईल, त्याआधी नियम बसवून ठेवायला हवेत: बेरीज केलेलीच माहिती, मुदत ठरलेली, हेतू जाहीर केलेला. आणि आकडा जाहीर करताना सोबत हेही सांगायचं की त्यात कोण नाही. 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५' नुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायचा मोबाईल ५४ टक्क्यांकडेच होता. ही ओळ प्रत्येक आलेखाखाली हवी.

मावशी, एक विनंती. फाईलमध्ये तुमच्या जिल्ह्याच्या ओळी आहेत, मध्ये मध्ये चौकटी रिकाम्या आहेत, कारण माणसं कमी असली की ओळख पटू नये म्हणून आकडा देत नाहीत. ऑगस्ट २०२० चे दिवस मला तुमच्या वहीशी ताडून बघायचेत. वही अजून आहे का?

* * *

केशरमावशी

आहे. दोन आहेत, एक पावसात भिजली आहे, पानं सोडवून वाळवली होती. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवल्यात. ग्रामसेवकांना विचारून ठेवते. चतुर्थीच्या आधी ये, नंतर घरात गडबड असते. येताना तुझी फाईल छापून आण, मला पडद्यावर दिसत नाही.

नावांच्या रकान्यावर मी आधीच कागद चिकटवून ठेवीन. बाकीचं बस आणि हवं ते उतरवून घे.